गल्लीपलीकडची चरवी

अनसूयाक्कांना कुणी काम सांगितलं, की त्या आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडं नीट बघायच्या. जवळचा चष्मा डोक्यावर जायचा, लांबचा डोक्यावरून नाकावर यायचा, आणि मग ठरलेला प्रश्न. "हे तुमी सोता का न्हाई करायलाय?"

प्रश्नात राग नसायचा. आळसही नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. आमचे मालक केदार सर एकदा म्हणाले, "अक्का, खाली जाऊन जरा कुरिअर घेऊन या." अक्कांनी विचारलं. सर चिडले, "मी फोनवर आहे." "फोन तर उलटा ठेवलाय की." शेवटी सरांनी कबूल केलं, की कुरिअरवाल्याशी त्यांचं कालच वाजलं होतं. "हां, मग असं सांगा की," म्हणून अक्का लगेच उठल्या आणि कुरिअर घेऊन आल्या. कारण खरं असलं की कामाला त्यांचा कधीच नकार नसायचा.

आमचं ऑफिस साखर पेठेत, टॉवेलच्या दुकानाच्या वर. बाहेर पाटी होती, पण गल्लीत आम्हाला 'गेमवाले' एवढंच नाव. काँप्युटरवरचे मोठाले खेळ असतात, त्यातला एखादा तुकडा आम्ही बनवून द्यायचो. अशा खेळात एक अख्खा मुलूख असतो. खेळणाऱ्यानं त्यात कुठंही फिरावं. एक मुख्य गोष्ट असते: राक्षस येतोय, दुनिया बुडतेय, तूच वाचव. आणि वाटेत भेटणारी माणसं आपापली कामं सांगतात. माझी शेळी शोधून दे, हा निरोप पोचव. केलं तर केलं, नाही केलं तरी खेळ अडत नाही. याला साईड क्वेस्ट म्हणतात. राक्षस आणि दुनिया बंगळूरची मोठी कंपनी बघायची. आमच्याकडं यायची ती ही किरकोळ कामं. अक्का त्यांना 'वाटेवरची कामं' म्हणायच्या, आणि ती त्याच लिहायच्या.

मी मैंदर्गीची. घरी मेंढरं. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी बीसीए झाले, पहिल्या वर्गात झाले, आणि हे मी दबून सांगत नाही. ऑफिसात पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. तेव्हापासून अक्का मला "ए ग्रॅज्युएट" अशी हाक मारायच्या. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांची शाळा नववीत सुटलेली. पुढं एका चादरीच्या कारखान्यात त्या आलेख कागदावर नक्षी काढायच्या. कारखान्यात काँप्युटर आला तेव्हा तो शिकल्या, आणि कारखाना बंद पडला तेव्हा चित्रं काढायचं काम मिळेल म्हणून आमच्याकडं आल्या. चित्रं काढायला दुसऱ्या कुणाला तरी आधीच घेतलं होतं. पण मुलाखतीत त्यांनी केदार सरांनाच इतके प्रश्न विचारले, की सरांनी त्यांना लिहायला बसवलं.

खुर्चीवर मांडी घालून बसायच्या. खुर्ची फिरती, त्यामुळं बोलता बोलता अख्ख्या अक्का फिरायच्या. आईशी फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी, खालच्या चहावाल्याशी दखनी. माझ्या घरची बोली कानडी, त्यांची तेलुगू. पण 'अक्का' दोन्हीकडं थोरली बहीणच, म्हणून त्या शब्दावर आमचं जमलं.

कामाला लागल्यावर केदार सरांनी त्यांना एक गाजलेला खेळ खेळायला दिला. कसं लिहितात ते कळावं म्हणून. आठवडा झाला तरी अक्का पहिल्याच गावात. त्यांचा हिरो पळायचाच नाही, चालायचा. "पळायला चोरी केलीय का?" चोरीवरूनच त्यांचं पहिलं भांडण झालं. या खेळांत हिरो कुणाच्याही घरात शिरतो, फडताळं उघडतो, दिसेल ते उचलतो, कुणी काही म्हणत नाही. इम्राननं, आमच्याकडं कोड लिहिणाऱ्यानं, त्यांना ते करून दाखवलं. अक्कांनी माऊसवरचा त्याचा हात बाजूला केला.

"बाई भाकरी थापायलीय, तिच्या देखत तिचं फडताळ उघडतंय. आन म्हणं हा दुनिया वाचवणार."

"अक्का, ती बाई खरी नाही," इम्रान म्हणाला.

"मग भाकरी कशाला थापायला लावलीय तिला?"

केदार सर मधूनमधून डोकवायचे. "अक्का, राक्षस वाट बघतोय तिकडं."

"बघू दे की. तो कुटं जायलाय?"

तेव्हा आम्ही हसलो. पण अक्का खुर्चीसकट आमच्याकडं फिरल्या आणि बोलल्या ते मी विसरलेले नाही. "दुनिया उद्या बुडणार म्हणून वरडतंय. मी चार दिवस लोकांच्या कोंबड्या गोळा केल्या, तरी बुडंना. मी येईपतुर बुडणं थांबतंय. मग ते बुडणं खोटं की. कोंबडी तरी खरी हरवलीवती."

केदार सरांचं मत याच्या उलट. पुण्यात काही वर्षं काढून आलेला माणूस, धंदा त्यांना कळत होता. ते म्हणायचे, "लोक पैसे मोजतात ते मोठ्या गोष्टीसाठी. बाकीचं म्हणजे मुलूख रिकामा दिसू नये म्हणून केलेली भरती. दहा मुळ्या आणा, पाच लांडगे मारा. खेळणारा यंत्रासारखं करतो आणि विसरतो." ते चूक नव्हतं. बहुतेक खेळांत तसंच असतं. मी स्वतः खेळताना असली कामं एका हातानं भेळ खात उरकलेली आहेत.

अक्कांचं म्हणणं, ती कामं विसरली जातात कारण त्यांना सांगणारा माणूसच नसतो. "वैद्याला मुळ्या पायजेत. घरामागंच हायेत. मग त्यो का जात न्हाई? गुडघा धरलाय? कुणाचा धाक हाय तितं? का नुसताच बसलाय, गिऱ्हाईक यायचं म्हणून?" कारण सापडलं नाही तर अक्का ते काम लिहायच्या नाहीत. बंगळूरहून आलेल्या यादीतली निम्मी कामं त्यांनी अशीच परत पाठवली होती. यादीवर केदार सरांच्या जिवाला घोर लावणारी उत्तरं असायची: 'हा माणूस रिकामटेकडा आहे, याला आधी घर द्या.'

चुकायच्याही भरपूर, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी लिहिलेले म्हातारे फार बोलायचे. एक धनगर लिहिला होता, तो वाट सांगायच्या आधी आपल्या तीन पिढ्या सांगायचा. मी धनगराचीच मुलगी, मी म्हटलं, "अक्का, आमचं कुणी एवढं बोलत नाही. बोटानं दाखवतो आणि मेंढरामागं जातो." त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी धनगराला गप्प केला, पण माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाल्या, "तुझ्या बापामुळं माझा म्हातारा मुका झाला बग."

असं सगळं चाललं असताना बंगळूरहून निरोप आला. त्यांना आमच्या कामाचा वेग परवडत नव्हता. शेवटची संधी म्हणून एक गाव आमच्यावर सोपवलं: लहानसं, कोरडवाहू, चार गल्ल्यांचं. त्यातली सगळी कामं आम्हीच लिहायची, आम्हीच घडवायची. गाव पसंत पडलं तर पुढचा अख्खा मुलूख आम्हाला. नाही पडलं तर करार संपला, आणि करार संपला की ऑफिसही.

आम्हा पोरापोरींचं काही अडणार नव्हतं. इम्राननं पुण्यात बोलणी सुरूही केली होती. माझ्याकडं पदवी होती. अक्कांकडं नववी होती आणि वय पन्नाशीला आलेलं. त्यांची लेक हैदराबादला, चांगली नोकरी, सातव्या मजल्यावर घर. ती कधीपासून बोलावत होती. आई, आता कशाला राबतेस, इकडं ये, बाळाकडं बघ. जावईही चांगला. सगळं चांगलंच. अक्का म्हणाल्या, "तितं मला सकाळी काय करायचं ते लेक सांगणार, दुपारी जावई सांगणार. आन ते सोता का करत न्हाईत, ते मला आदीच म्हाईत हाय." एकदाच म्हणाल्या तसं. पण ऑफिस बंद पडलं तर ते सातव्या मजल्यावरचं घर होतंच, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्या गावासाठी अक्कांनी जे मुख्य काम लिहिलं, ते खालच्या दुकानातून आलं.

टॉवेलवाले शेठ आणि समोरचा टेलर यांचं गणपतीच्या वर्गणीवरून फाटलेलं. दोघं दिवसभर समोरासमोर बसायचे, एकमेकांच्या दुकानात बघत, आणि बोलायचे नाहीत. टेलरची गाडी शेठच्या पायरीला लागायची. एका दुपारी अक्का जिना उतरल्या तेव्हा शेठनी हाक मारली. "ओ ताई, त्या माकडाला सांगा, गाडी काढ म्हणावं."

अक्कांनी चष्मा बदलला. "तुमी सोता का न्हाई सांगत? हितनं ऐकू जातंय त्यांना."

शेठनी गल्ल्याचा पडदा सारखा केला. मग खालच्या आवाजात, "बोलत नाही मी त्याच्याशी."

अक्का रस्ता ओलांडून गेल्या. मी वरच्या गॅलरीतून ऐकत होते. "मास्तर, शेठ म्हणायलेत, गाडी उन्हात हाय, सीट तापतंय. त्यांच्या पत्र्याखाली सावलीला लावा."

टेलर चकित. "खरंच म्हणाला?"

"तोंड वाकडं करून म्हणले, पर म्हणले."

गाडी पत्र्याखाली गेली. शेठची पायरी मोकळी झाली. दोघं लगेच गळ्यात पडले वगैरे काही नाही. पण पुढच्या आठवड्यात टेलरनं शेठचा गल्ल्याचा फाटका पडदा शिवून अक्कांच्या हातून पाठवला, आणि तेव्हा निरोप काय दिला होता नि अक्कांनी काय पोचवला, ते त्या दोघांनाच माहीत.

अक्का वर आल्या आणि लिहायला बसल्या. खेळातल्या गावात दोन म्हाताऱ्या बहिणी, एकाच गल्लीत, समोरासमोर दारं. बोलणं बंद. थोरली खेळणाऱ्याला हाक मारते, ताकानं भरलेली पितळी चरवी हातात देते आणि म्हणते, हे समोरच्या दारी देऊन ये. बस. एवढंच काम.

केदार सरांनी कपाळाला हात लावला. "अक्का, मुलूख केवढा आहे! घोडा आहे हिरोकडं. आणि तुम्ही त्याला गल्लीच्या पलीकडं पाठवताय?"

"मग? लांब असतं तर म्हातारीच गेली असती. जवळ हाय म्हणूनच जाता येईना."

पुढचा भाग असा. धाकटी दार उघडते, ताक ओतून घेते, आणि रिकामी चरवी एक शब्द न बोलता हिरोच्या हातात ठेवते. आता ती परत थोरलीला द्यायची. मधल्या वेळात खेळणाऱ्याला हवं तर त्या चरवीत काहीही घालता येतं: ज्वारी, गूळ, शेंगा, गावात मिळेल ते. कुणी सांगत नाही, पडद्यावर खूण येत नाही, बक्षीस नाही. पण घातलं, तर थोरलीला वाटतं, धाकटीनंच पाठवलं. त्या दिवसापासून ती हिरोला नावानं हाक मारते आणि तिचं दार उघडं राहतं.

मी विचारलं, "अक्का, तुमचं असं कुणी आहे का? बहीण?"

"मला बहीणच न्हाय. चार भाऊ. चारी बोलतेत. लई बोलतेत."

आम्ही सगळ्यांनी ते काम पुन्हा पुन्हा खेळून तपासलं. मी चरवीत ज्वारी घातली. इम्राननं खजूर शोधून काढला, तो त्या गावात मिळतो हे आम्हालाही माहीत नव्हतं. केदार सरांनी गूळ घातला, वर म्हणाले की मी फक्त तपासत होतो. चोख चाललं. गाव बंगळूरला गेलं.

तिथं तपासणीवर निहारिका नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची. निकालाच्या दिवशी व्हिडिओवर आली ती गंभीर चेहऱ्यानं. तिचं हिंदी-इंग्रजी मी मराठीत सांगते. ती म्हणाली, "तुमची म्हातारी खेळ बंद पाडते. चरवी परत दिली की पडदा गोठतो. एकदा नाही, आमच्या बहुतेक खेळाडूंचा. तुम्ही हे तपासलंच नाही?"

इम्रान पडद्याजवळ सरकला. "आम्ही सगळ्यांनी तपासलंय. कधीच गोठलं नाही."

"चरवीत काय होतं तेव्हा?"

आम्ही सांगितलं. ज्वारी, खजूर, गूळ.

"आणि रिकामी?"

  आम्ही एकमेकांकडं बघितलं. रिकामी? कुणीच दिली नव्हती. एकानंही नाही. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं हे आमच्यापैकी कुणाला कुणी सांगावं लागलं नव्हतं, आणि त्यामुळं ते करून बघावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इम्रानच्या घरी तेच, केदार सरांच्या घरी तेच, मैंदर्गीला तेच. रिकामी चरवी हातात आली तर म्हातारीनं काय बोलायचं, ते अक्कांनी लिहिलंच नव्हतं. म्हातारी शब्द शोधायची, शब्द नसायचे, आणि खेळ तिथंच अडकायचा.

केदार सर माफी मागायला लागले. तेवढ्यात अक्का खुर्ची ओढत पडद्यासमोर आल्या. सरांनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. अक्कांनी बघितलंच नाही. निहारिकाच्या मागं त्यांचा एक खेळाडू बसला होता, त्याला त्या दखनीत म्हणाल्या, "बाबा, खाली कायकू दिए?" रिकामी का दिलीस?

तो गोंधळला. "काम संपवायचं होतं. खूण तिकडंच होती."

"हां," अक्का म्हणाल्या. "घाई व्हती." आणि परत आपल्या जागी गेल्या. त्यांचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. केदार सर हळूच पुटपुटले, "संपलं."

निहारिका मात्र खाली बघून काहीतरी चाळत होती. म्हणाली, "एक विचारू? तुम्ही चरवी भरायची सूचना कुठं लपवली आहे? आम्हाला सापडली नाही."

"सूचना नाही," इम्रान म्हणाला.

"मग आमच्यातल्या काहींनी का भरली? एकजण तर अर्ध्या वाटेतून मागं फिरला. नदीपर्यंत गेला. चरवीत मासा घालून आणला."

अक्का जागेवरूनच ओरडल्या, "मासा? कच्चा?"

"कच्चा."

अक्कांनी चष्मा डोक्यावर सारला. "असू दे," म्हणाल्या. "त्याच्याकडं तेवढंच असंल."

निहारिका हसली, पण कबूल काही केलं नाही. "सोमवारपर्यंत दुरुस्त करून पाठवा. पुढचं मग बघू."

कोडची दुरुस्ती इम्राननं चहा गार व्हायच्या आत केली. राहिलं ते म्हातारीचं वाक्य. रिकामी चरवी हातात आल्यावर तिनं काय बोलावं? अक्का लिहायच्या आणि खोडायच्या. पहिल्या वाक्यात त्या खेळणाऱ्यालाच बोल लावत होत्या: हाताला काय झालं होतं रे तुझ्या? दुसऱ्यात धाकटीला. तिसऱ्यात म्हातारी रडत होती, ते त्यांनी स्वतःच "नाटकी हाय" म्हणून फेकलं. शनिवारी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. "ए ग्रॅज्युएट, तुमच्यात कुणी रिकामं भांडं परत दिलं तर तुझी आई काय म्हणती?"

मी खरं ते सांगितलं. एका वाईट वर्षी शेजारणीकडून आमचं पातेलं रिकामं आलं होतं. आई काहीच म्हणाली नव्हती. पातेलं घासून फळीवर ठेवलं, आणि दोन दिवसांनी परत भरून पाठवलं.

"काहीच न्हाई म्हणली?"

"नाही."

"मग तू गेममधली नोकरी कशाला करायलीस, घरीच शिकून घेतलं असतं," म्हणून अक्का फिरल्या. पण लिहिलं नाही. खेळात म्हातारीला काहीतरी बोलावंच लागणार होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या कोपऱ्यातल्या नळावर आपला डबा धूत होत्या. अचानक नळ तसाच चालू ठेवून ओल्या हातांनी आल्या आणि इम्रानच्या पाठीमागं उभं राहून म्हणाल्या, "लिही. म्हातारी चरवीत बगती. मग म्हणती: भरली असंल तिनं. वाटंत सांडलं असंल."

इम्राननं टाइप केलं आणि थांबला. "सांडलं? एवढ्याशा गल्लीत?"

"तेच की," अक्का म्हणाल्या.

इम्राननं वाक्य तसंच ठेवलं. मग म्हणाला, "नळ चालू आहे, अक्का."

मी ते दुपारीच खेळून बघितलं. पहिल्यांदाच चरवी रिकामी परत दिली. म्हातारीनं आत बघितलं, वाक्य बोलली आणि दार लोटून घेतलं. गल्ली तशीच, समोरचं दार बंद. मी खुर्चीत बसले होते, खेळ होता, हे मला नीट माहीत होतं. तरी मी परत गावात गेले, शेंगा घेतल्या आणि म्हातारीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिला द्यायची काही सोय खेळात नव्हती. इम्राननं मागून बघितलं आणि न विचारता ती सोय करायला घेतली.

ही कामं खरी वाटतात की भरतीची, यावर शिकलेली माणसं बरंच बोलतात. मीही शिकलेली आहे, म्हणून माझं मत सांगते. काम लहान की मोठं, याचा त्याच्याशी संबंध नाही. एका मोठ्या खेळातला राक्षस मारला तेव्हा मी दुसऱ्या मिनिटाला खेळ बंद करून जेवायला गेले होते. त्या दारातून मला हलवेना.

सोमवार गेला, मंगळवार गेला. अक्का बोलायच्या कमी झाल्या. टेबलावरची आपली हळदी-कुंकवाची डबी, जादाचा चष्मा, चटणीची बरणी त्यांनी एका पिशवीत भरून ठेवली होती, आणि पिशवी कशाला म्हणून कुणी विचारलं नाही. लेकीचा फोन आला की बाहेर जायच्या आणि आत येताना पदरानं मान पुसत यायच्या. बुधवारी दुपारी जेवणं चालू असताना केदार सरांचा फोन वाजला. ते उभं राहून ऐकत होते. "हो... हो... सगळा?" एवढंच बोलले. मग फोन ठेवला आणि आधी पाणी प्याले.

"अख्खा मुलूख आपल्याला," म्हणाले. "आणि निहारिका म्हणतेय, बाकीच्या गावांचं पण ज्यांनी चरवीचं लिहिलं त्यांनीच लिहावं. अक्का, तुम्हीच."

इम्रान टेबलावर थापा मारायला लागला. मी अक्कांकडं बघितलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. त्यांनी तो खाल्ला, नीट चावून खाल्ला. मग एवढा मोठा श्वास सोडला, की समोरचे कागद हलले.

"मास्यावाल्याला पण काहीतरी बोलायला पायजे म्हातारीनं," म्हणाल्या. "ते राहिलंय." आणि हात धुवून, फोन घेऊन जिना उतरल्या.

मी त्यानंतर वर्षभर तिथं होते. मग मला दुसरीकडं मोठी जागा मिळाली आणि मी सोलापूर सोडलं. अक्का तिथंच आहेत, लिहितात, आणि बंगळूरच्या याद्या अजून परत पाठवतात असं ऐकते. पण माझ्या डोळ्यांसमोर अक्का येतात, त्या बुधवारच्या. मी गॅलरीतून वाकून बघितलं. ऐन ऊन. खाली रसवंतीच्या बाकावर त्या एकट्या बसल्या होत्या, चपला काढून, पाय ओल्या जमिनीवर टेकवून. फोन कानाला. पलीकडून लेक बोलत असणार, कारण अक्का बराच वेळ नुसत्या मान हलवत होत्या. मग हसल्या, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "रानु अम्मा, रानु!"

येणार नाही. एवढं तेलुगू मला येत होतं; लेकीलाही त्या लाडानं अम्माच म्हणायच्या. रसवाल्यानं ग्लास पुढं केला. अक्कांनी फोन बाकावर ठेवला, ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.